कारकुनाला न मिळालेलं घड्याळ

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकबाईंनी फोन केला तो असा: “जोगकाका, तुमची नोकरी तशी कंटाळवाणी होती, पण शोधलंत तर काहीतरी सापडेल ना?” मला राग आला नाही. सिंगापुरात तांजोंग पगारच्या एका बँकेत मी वीस वर्षं कंप्लायन्स खात्यात होतो आणि माझ्या मजल्यावरची माणसंसुद्धा लिफ्टमध्ये मला पाहिलं की मोबाइलमध्ये डोकं घालायची. माझ्याशी हसून बोललेलं उद्या कुठल्या फॉर्मवर उमटेल याचा नेम नाही, अशी त्यांची समजूत होती. ती अगदीच चुकीची होती असं मी म्हणणार नाही.

कंप्लायन्स म्हणजे काय, हे माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत कळलं नाही. त्या सगळ्यांना सांगायच्या की जावई बँकेत पोलीस आहे. पण पोलीस गुन्हा झाल्यावर येतो, आम्ही त्याच्या आधीपासून लोकांना छळतो. बँकेतल्या माणसाने बाहेरच्याकडून काय घ्यावं, काय घेऊ नये, घेतलंच तर कोणाला सांगावं, हे ठरवायचं आणि पाळलं जातंय की नाही ते बघायचं. ठरावीक किमतीच्या वरची भेट आली की फॉर्म भरून जाहीर करायची, एवढा साधा नियम. पण सप्टेंबरात चिनी सणाच्या मूनकेक मिठाईचे डबे सुरू झाले की माझ्या टेबलावर फॉर्मांचा ढीग पडायचा, तो दिवाळीच्या काजूकतलीपर्यंत उतरायचा नाही.

एकदा एका कर्जदाराने आमच्या अधिकाऱ्याला ड्युरियन फळांची अख्खी पेटी ऑफिसातच पाठवली. ज्यांनी ड्युरियन हुंगलेलं नाही त्यांना याचं गांभीर्य कळायचं नाही. पाठवणाऱ्याचा ड्रायव्हर पेटी परत न्यायला तयार होईना. नाशवंत भेट सगळ्यांत वाटावी असा आमचा नियम, पण वाटून घ्यायला कोणी जिन्यापर्यंतही येईना. शेवटी मी आणि तळमजल्यावरच्या मिस गो, आम्ही दोघं मागच्या जिन्यात बसलो. त्यांनी सुरीने फळ फोडलं आणि म्हणाल्या, “नियम तुमचाच ना? मग खा.” त्या दिवशी मी ड्युरियन खायला शिकलो आणि आमची ओळख झाली.

मिस गो टपाल-काउंटर सांभाळायच्या. साठीच्या आसपास वय, हौगांगला एकट्या राहायच्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, वाक्याच्या शेवटी इथला लाडका ‘लाह’. बँकेत येणारं प्रत्येक पाकीट, प्रत्येक खोकं आधी त्यांच्यापुढे यायचं. त्या त्याच्यावर तारीख-वेळेचा शिक्का मारायच्या आणि एका जाड वहीत स्वतःच्या अक्षरात नोंद करायच्या. काउंटरवर संगणक आला तरी त्यांनी वही सोडली नव्हती.

माझ्या कामाचा सगळ्यांत नावडता भाग म्हणजे वार्षिक प्रशिक्षण. बँकेतल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा माझ्यासमोर दोन तास बसायचं, असा दंडक होता. साहेबांपासून काउंटरपर्यंत सगळे यायचे, जेवणाचा डबा घ्यायचे आणि दिवे मंद झाले की झोपायचे. कायद्याची कलमं वाचून कोणी जागं राहत नाही हे मला पहिल्याच वर्षी कळलं. मग मी एका शनिवारी ग्रंथालयात जुनी वर्तमानपत्रं चाळायला बसलो आणि मला माझा बंदरसाहेब सापडला.

हा ब्रिटिशांच्या राज्यातल्या, इकडच्याच एका लहानशा बंदराचा अधिकारी. त्याचं नाव मी वर्गात कधी सांगितलं नाही, इथेही सांगत नाही. तरुण वयात तो तिथे आला तेव्हा बंदर म्हणजे नुसता चिखल आणि खारफुटी होती. त्याने स्वतः होडीत बसून, दोरीला शिसं बांधून खाडीची खोली मोजली. धक्का बांधला. धक्क्याच्या टोकाला दिवा लावला, तो आधी विझायचा म्हणून महिनाभर स्वतः राखला. मलाय भाषा शिकला, भांडता येईल इतकं चिन्यांचं होक्किएनही शिकला. पटकीची साथ असलेलं जहाज आलं तेव्हा त्याच्यावर पाणी घेऊन चढायला कोणी तयार होईना, तर हा गृहस्थ बाह्या सरसावून पहिला चढला. होडीवाले आपसातली भांडणं कोर्टात न नेता त्याच्या व्हरांड्यात न्यायचे. मला तो माणूस मनापासून आवडायचा आणि वर्गात मी ते लपवत नसे. लाच खाणारा माणूस नाटकातल्या खलनायकासारखा दिसत नाही, हेच तर लोकांना सांगायचं होतं.

मग एका पावसाळ्यात त्याच्या बंगल्याचं छप्पर गळायला लागलं. सरकारकडून मंजुरी येईना. जहाजावरचा माल धक्क्यावर आणणाऱ्या होड्यांचा एक मोठा मालक होता, त्याने आपली माणसं पाठवून छप्पर नीट करून दिलं. पुढच्या वर्षी व्हरांडा. त्याच्या होड्यांना धक्क्याची चांगली जागा मिळू लागली, बाकीच्यांच्या होड्या चिखलात ताटकळू लागल्या. साहेबाची बायको त्या ओसाड गावात एकटी पडली होती, तिला पियानोचा नाद होता. एक दिवस मालकाने थेट पियानोच आणवला.

धक्क्यावर उतरणाऱ्या प्रत्येक वस्तूची नोंद करणारा एक चिनी कारकून होता. साहेबाने त्याला सांगितलं, “बंदराची उपकरणं, असं लिही.” कारकुनाने वही उघडली आणि लिहिलं: पियानो एक, साहेबांच्या बंगल्यासाठी, आणि पुढे पाठवणाऱ्या मालकाचं नाव. काही महिन्यांनी वरिष्ठ तपासनीस आले, त्यांनी वही चाळली आणि बोट त्या ओळीवर थांबलं. चौकशी झाली, वर्तमानपत्रांनी महिनाभर प्रकरण लावून धरलं. शेवटी साहेबाने प्रकृतीच्या कारणास्तव राजीनामा दिला. गावाने त्याला बागेत मेजवानी दिली, बँड वाजवला आणि तो बोटीत बसून मायदेशी गेला.

वर्तमानपत्रं इथे संपतात. पहिल्या वर्षी मीही इथेच संपवलं. मागच्या रांगेतून एकाने विचारलं, “आणि कारकून? त्याचं काय झालं?” मला माहीत नव्हतं. साठ माणसं पहिल्यांदाच जागी होती आणि माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, “गव्हर्नरने त्याला चांदीचं घड्याळ दिलं.” सगळ्यांचे चेहरे खुलले. पुढच्या वर्षी मी त्या घड्याळावर त्याचं नाव कोरवलं. त्याच्या पुढच्या वर्षी भर समारंभात गव्हर्नरने हस्तांदोलन केलं. खरेपणाच्या वर्गात मी दरवर्षी चढत्या भाजणीने खोटं बोलत होतो आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं, कारण वर्ग झोपत नव्हता.

असंच एक प्रशिक्षण झालं आणि दोन दिवसांनी सायली माझ्या केबिनमध्ये आली. सायली पुण्याची, खरेदी खात्यात होती. एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे नोकरीच्या परवान्यावर आलेली, नवरा क्लेमेंटीच्या विद्यापीठात संशोधन करायचं म्हणून नोकरी सोडून तिच्याबरोबर आलेला, मुलगी पहिलीत. त्या दोघांचे पास तिच्या पासावर अवलंबून होते. इथे नोकरी गेली की पास जातो आणि महिनाभरात गाशा गुंडाळावा लागतो, हे इथल्या वाचकांना सांगायला नको. तिने दार लावलं आणि उभ्याउभ्याच बोलायला लागली.

“सर, नव्या शाखांच्या सजावटीची कोटेशनं बंद पाकिटात मागवली होती. एका कंपनीचं पाकीट वेळेत आलं होतं. मीच खालून आणलं. पराग सर म्हणाले, ते उशिरा आलं असं लिही आणि न उघडता परत पाठव. मी अजून लिहिलेलं नाही. काय करू?”

पराग सामंत हा तिचा साहेब आणि माझा मित्र. बँकेत त्याच्याइतका हुशार माणूस नव्हता. आपल्या गणपतीत दहा दिवस सुट्टी घेऊन राबणारा, नव्याने आलेल्या प्रत्येक मराठी कुटुंबाला घर शोधून देणारा. माझी बायपास झाली तेव्हा चार दिवस हॉस्पिटलच्या खुर्चीत बसून होता. आणि त्याच्या नव्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला मी पुरणपोळी खाल्ली होती. स्वयंपाकघर पाहून मीच म्हटलं होतं, काय सुरेख काम केलंय, कोणाकडून करून घेतलंस? “एका ओळखीच्यानेच करून दिलं,” असं तो म्हणाला होता. करून दिलं. आयुष्यभर हेच शब्द पकडायचा पगार घेतलेला मी, वर आणखी एक पोळी मागून घेतली होती.

“तू तक्रार देणार आहेस?” मी विचारलं.

“द्यायला नको का? तुम्हीच सांगता ना दरवर्षी. खरं लिहिणाऱ्याच्या मागे लोक उभे राहतात, म्हणून.”

मी तिचा फॉर्म घेतला. ज्या कंपनीला काम मिळणार होतं तिनेच परागचं स्वयंपाकघर केलं होतं, हे शोधायला मला एक दुपार पुरली. मी चौकशी समिती बोलवायची विनंती केली. समितीत वरचे तिघे होते आणि तिघांनाही पराग हवा होता. ते म्हणाले, स्वयंपाकघराचं तो काहीही सांगेल, पाकिटाचं काय? ज्याने तक्रार केली त्याने आमच्यासमोर येऊन बोलावं. नाव गुप्त ठेवण्याचा नियम मी दाखवला. त्यांनी मान डोलावली आणि पुन्हा तेच म्हणाले. आठवडाभरात तक्रारदार पुढे आला नाही तर प्रकरण बंद. आणि सायली पुढे आली असती तर वर्षअखेरीला तिच्या पासाची मुदत वाढवण्याच्या कागदावर सही परागचीच किंवा त्याच्या मित्राची होणार होती.

मला एकच वाट दिसली: मिस गोंची वही. पाकीट कधी आलं ते त्यांच्या अक्षरात लिहिलेलं असणार. मी खाली गेलो, काय हवंय आणि समितीची अट काय आहे ते सांगितलं, नाव कोणाचंही घेतलं नाही. त्यांनी वही मिटली आणि तिच्यावर हात ठेवला.

“ती पोरगी ना?” त्या म्हणाल्या. “पाकीट तीच घेऊन गेली. बिचारी घाबरलेली होती. तुमच्या घड्याळावर विश्वास ठेवून आली असेल.”

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

“सर, कुठलं घड्याळ? माझ्या आ-कॉंगला घड्याळ-बिड्याळ काही मिळालं नाही लाह.”

आ-कॉंग म्हणजे आजोबा. मला ते समजायला दोन क्षण लागले आणि मग मी समोरच्या स्टुलावर बसलो. तो कारकून म्हणजे त्यांच्या वडिलांचे वडील. पियानोची गोष्ट त्यांनी लहानपणापासून घरी ऐकलेली होती. साहेब गेल्यावर नव्या साहेबाने त्याला आतल्या भागातल्या एका ठाण्यावर टाकलं आणि वर्षभरात काढून टाकलं. होडीवाल्या मालकाच्या धाकाने गावात त्याला कोणी ठेवून घेईना. बायको-मुलांना घेऊन तो सिंगापूरला आला आणि मरेपर्यंत हातगाडीवर शेवया विकत राहिला. ज्याने बंदर उभारलं तो बँड वाजवत गेला आणि ज्याने एक खरी ओळ लिहिली त्याने भांडी घासली.

“मग इतकी वर्षं माझ्यासमोर बसून गप्प का राहिलात?” मी विचारलं.

“जेवण फुकट होतं,” त्या म्हणाल्या. मग चष्मा काढून पुसत म्हणाल्या, “आणि ऐकायला बरं वाटायचं. कोणीतरी त्याला घड्याळ देतंय.”

त्या लहान असताना त्यांनी आजोबांना विचारलं होतं, तुम्ही तसं का लिहिलंत? आजोबा म्हणाले होते, कारण तो पियानो होता. दुसरं काही उत्तर त्यांनी कधी कोणाला दिलं नाही. मिस गोंनी मला वहीची प्रत दिली नाही. विचार करते म्हणाल्या. मला त्यांच्यावर जोर करायचा धीर झाला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी सायलीला क्लेमेंटीच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांच्या गर्दीत भेटलो. ऑफिसात हे बोलणं शक्य नव्हतं. मी तिला सगळं सांगितलं: समितीला ती समोर हवी आहे आणि माझ्या गोष्टीचा शेवट मी रचलेला आहे. तिचा चहा तसाच राहिला.

“काका, हे तुम्ही मला फॉर्म घेताना सांगायला हवं होतं,” ती म्हणाली. “मी काय लहान आहे? घड्याळ नाही हे माहीत असतं तर कदाचित मी तक्रार दिली नसती. कदाचित दिलीही असती. पण ते मी ठरवलं असतं.”

“चुकलं माझं,” मी म्हणालो.

“तुमचं चुकलं आणि पास माझा जाणार.”

तिने तक्रार मागे घेतली तरी मी समजून घेईन, असं मी म्हटलं. ती उठली आणि जाता जाता म्हणाली, “मागे घेऊन मी तिथे रोज काय तोंड घेऊन बसू?” मी घरी येऊन बायकोला सांगितलं की मी एका मुलीचा संसार मोडला आहे.

आठवडा संपायला दोन दिवस होते. सकाळी माझ्या दारावर टकटक झाली आणि मिस गो आत आल्या. टपाल देण्याखेरीज त्या वरच्या मजल्यावर कधी येत नसत. त्यांच्या हातात आवक-वही होती आणि वहीवर एक फॉर्म, स्वतःच्या अक्षरात भरलेला, नाव आणि कर्मचारी क्रमांकासकट.

“ही माझी तक्रार,” त्या म्हणाल्या. “वेळेत आलेलं पाकीट उशिरा आलं असं सांगून परत पाठवायला निघालेत. माझा शिक्का खोटा ठरवतात म्हणजे काय? समितीला माणूस हवाय ना? मी येते. आता दुसऱ्या कोणाचा फॉर्म तुम्हाला दाखवायची गरज नाही.”

“मिस गो, तुम्हाला माहीत आहे पुढे काय होऊ शकतं.”

“तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे लाह. पण मी इथे जन्मले. माझा पास कोण रद्द करणार?”

समितीसमोर त्या वीस मिनिटं होत्या. एकाने विचारलं, तुमच्या शिक्क्याची वेळ चुकू शकते का? त्यांनी वही त्याच्यापुढे सरकवली आणि तिसांहून अधिक वर्षांतलं कुठलंही पान उघडून चूक दाखवा म्हणाल्या. कोणी पान उघडलं नाही. दुसऱ्याने विचारलं, तुम्हाला कोणी पाठवलं का? “मी काउंटरवर बसते,” त्या म्हणाल्या. “पाकीट माझ्याकडे येतं. मला कोण पाठवणार?” इतक्या वर्षांत मी अनेक वकिलांना बोलताना ऐकलं, पण इतकं भक्कम कोणी बोललेलं मला आठवत नाही.

परागने वैयक्तिक कारणास्तव राजीनामा दिला. एका हॉटेलात त्याचा निरोपसमारंभ झाला, केक कापला, चार भाषणं झाली. मीही गेलो. माझ्या आजारपणातली त्याची खुर्ची मला विसरता येत नव्हती. त्याने माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, “जोग, तू विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं.” त्यानंतर आम्ही बोललेलो नाही. आपल्या गणपतीत काही घरं मला अजूनही आरतीचं ताट शेवटी देतात; परागचं खरं काय झालं ते आता त्यांना कळेल.

तीन महिन्यांनी बँकेने टपालाचं काम बाहेरच्या कंपनीला द्यायचं ठरवलं. काउंटर बंद झाला. मिस गोंच्या निवृत्तीला थोडाच काळ उरला होता, तोही पुरा करू दिला नाही. मी विरोधाचं पत्र लिहिलं. त्याला उत्तर आलं नाही. त्यांच्या शेवटच्या दिवशी चार वाजता तळमजल्यावर चहा होता आणि मी गेलो नाही. मीटिंग होती असं मी तेव्हा सगळ्यांना सांगितलं. मीटिंग नव्हती. माझं स्वतःचं कंत्राट पुढच्या महिन्यात वाढायचं होतं आणि त्यांच्या शेजारी उभं राहून फोटोत यायची मला भीती वाटली. मी केबिनमध्ये बसून खिडकीतून खाली बघत राहिलो. त्या एक कापडी पिशवी घेऊन बसस्टॉपकडे गेल्या, बरोबर फक्त सायली होती. दुसऱ्यांना धीट व्हायला शिकवण्याचा पगार मी त्या महिन्यातही घेतला.

हौगांगला जायला मला दोन वर्षं लागली, म्हणजे मी निवृत्त झाल्यावर गेलो. पत्ता सायलीकडून घेतला. दहाव्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर, दाराशी कुंड्या. मिस गोंनी जाळीचं दार उघडलं, मला ओळखलं आणि आश्चर्य न दाखवता आत घेतलं. मी वाटेत पाठ केलेलं सगळं उभ्याउभ्या बोलून टाकलं: मी त्या दिवशी घाबरलो, मीटिंग नव्हती, मला यायला हवं होतं. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग आत जाऊन शेवयांच्या सूपचा वाडगा आणून माझ्यापुढे ठेवला.

“त्या पोरीचा पास?” त्यांनी विचारलं.

“दोनदा वाढला. आता तिघंही इथेच कायमचे राहणार आहेत. मुलगी चौथीत गेली.”

त्यांनी माझ्यासमोरची खुर्ची ओढली, चष्मा वर सरकवला आणि चमचा माझ्या हातात दिला.

“मग खा,” त्या म्हणाल्या. “गार होतंय.”